कसारा घाट पाहायचाय? आधी डबा निवडा

पावसाळ्यात घाट पाहायला नांदेड, जालना, संभाजीनगरकडची मंडळी एसी चेअरकारचं तिकीट काढतात. पण तिथली काच बंद आणि गडद, त्यात कधी सीटशेजारी नेमका दोन खिडक्यांमधला खांब! धबधब्याचा ना आवाज, ना तुषार.

१. घाट मुंबईहून परतताना पाहा. तपोवन एक्स्प्रेस तिकडून सकाळी निघते, म्हणजे कसारा ते इगतपुरी हा चढ उजेडात येतो.
२. साधं सेकंड सिटिंग, म्हणजे बिगर-एसी बसायचा डबा घ्या. खिडकी उघडते, भाडंही बरंच कमी. बुकिंग करताना ‘विंडो साइड’ ही पसंती जरूर निवडा. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं.
३. घाट १ः३७ चढाचा आहे, म्हणजे ३७ मीटर अंतरात एक मीटर चढ, त्यामुळे गाडी सावकाश चढते. त्यामुळे फोटोला वेळ मिळतो. एसीतच बसायचं असेल तर मोबाइल काचेला चिकटवून धरा, आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही.

व्हिस्टाडोम या काचेच्या छताच्या डब्याचे जादा पैसे पुणे-मुंबई बोरघाटात वसूल होतात. कडा डोक्यावर येतो तिथं हे छत खरंच कामाचं. ४४ सीटा, त्याही फिरणाऱ्या, म्हणून सीट नंबरची चिंता नाही. पुण्याहून सकाळची डेक्कन क्वीन घ्या. हिवाळ्यात तिच्या संध्याकाळच्या परतीत घाट अंधारातच जातो.

बोगदे लागोपाठ येतात. हात, मोबाइल खिडकीबाहेर काढू नका आणि दारात तर मुळीच उभं राहू नका. पावसाने पायरी निसरडी झालेली असते.