फोल्डिंग सायकल घेताय? आधी उचलून बघा

फोल्डिंग सायकल बघायला गेलं की सगळे आधी एक चक्कर मारतात, मीपण तेच केलं आणि तिथेच फसलो. चालवायला ती मस्तच वाटते हो, खरी परीक्षा जिन्यात होते. बहुतेक सायकली १० ते १३ किलोच्या असतात, ऐकायला काही नाही, पण एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात बॅग घेऊन दोन मजले चढा मग कळतं. म्हणून दुकानात पहिलं काम हे करा: सायकल स्वतः मिटा (दुकानदाराचा हात बसलेला असतो, त्याचं बघून काही कळत नाही), उचला आणि दोन मिनिटं तशीच घेऊन फिरा. नडगीला पायडल लागतंय का, मध्येच उघडतेय का, जमिनीवरून ढकलत नेता येते का, बघा.

मग चाक. १६ इंची की २० इंची? रोज ट्रेन-बसमध्ये घेऊन चढायचं असेल तर १६, सायकलवरच जास्त अंतर कापायचं असेल तर २०. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जातं, त्यामुळे खराब रस्त्याला २० इंची बरी. बाकी चाक लहान म्हणजे पायडल जास्त मारावं लागतं हा गैरसमज आहे, पुढची दातेरी चकती मोठी देऊन ते भरून काढलेलं असतं.

आणि हो, २० इंचात पण दोन साइझ असतात, ४०६ आणि ४५१ (हा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये). १६ इंचात ३०५ आणि ३४९. टायरच्या बाजूला ४७-४०६ असं काहीतरी छापलेलं असतं (आधी टायरची रुंदी, मग हा व्यास), त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवाच. मी एकदा नुसतं "२० इंची द्या" म्हणून ४५१ चा टायर आणला, आमची रिम ४०६ ची, टायर रिमभोवती बांगडीसारखा गोल गोल फिरायला लागला.

आता मिटायचं कसं. मधोमध बिजागरी असलेली सायकल असेल तर मागे चेन सगळ्यात लहान चकतीवर घ्या, पायडलं मिटा, सीट पूर्ण खाली करा, मग मधली कडी सोडून लिव्हर उघडा आणि पुढचं चाक मागच्याला भिडवा, शेवटी हँडलचा दांडा खाली. हा क्रम सगळीकडे सारखा नसतो. लंडनच्या ब्रॉम्प्टनसारख्या तीन घड्यांच्या सायकलीत आधी मागचं चाक पोटाखाली जातं आणि सीट सगळ्यात शेवटी खाली येते, कारण तीच सगळी घडी अडकवून ठेवते. सीट खाली करायला विसरलात तर उचलताना चाक पायाशी लोंबतं. घरी वीसेक वेळा मिटून उघडून हात बसवा, नाहीतर फलाटावर मागे रांग लागलेली आणि आपण लिव्हरशी झटापट करतोय, फार लाज वाटते.

उघडताना मात्र अजिबात घाई नको. बिजागरीत खडा किंवा ब्रेकची केबल अडकली नाही ना बघा. लिव्हर अर्ध्यावर आला की तळहाताला जोर लागला पाहिजे, अलगद बंद झाला तर तो सैल आहे आणि हातोडी मारायची वेळ आली तर फारच घट्ट. मग छोटी सेफ्टी कडी लावा. सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि कान द्या. मला यात एकदा हँडलच्या दांड्यातून बारीक 'टक टक' ऐकू आली, कडी नीट बसलीच नव्हती. या पाच सेकंदांचा कंटाळा करू नका.

पहिले दोन-तीन दिवस हँडल फार चंचल वाटेल, लहान चाकाचं तसंच असतं, एक हात सोडून इशारा करायची घाई नको. उभं राहून हँडल ओढत चढ चढू नका, त्याचा ताण दांड्याच्या जोडावर येतो.

ट्रेनमध्ये चढायच्या आधीच मिटा, चेनची बाजू स्वतःकडे ठेवा, लोकांच्या कपड्यांना काळं लागलं की भांडण ठरलेलं. बाहेर कुलूप लावून सोडून जायला हिला घेतलेली नाही, आत न्या, टेबलाखाली सरकवा.

हवा दर आठवड्याला बघा, छोट्या टायरमध्ये मुळात हवाच कमी मावते त्यामुळे थोडी गेली तरी लगेच जाणवतं. बिजागरीच्या खिळीला तेलाचा एक थेंब पुरे. महिन्यातून एकदा बिजागरीजवळचे वेल्डिंगचे जोड पुसून उजेडात बघा. रंगावर केसाएवढी रेघ दिसली आणि पुसून जात नसेल तर ती भेग असू शकते, मग वरून वेल्डिंग मारून घेऊ नका, मेकॅनिकने बघेपर्यंत सायकल चालवायचीच नाही.