लोड डिस्पॅचमध्ये हुकूम कुणाचा चालतो?

लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे ग्रिडवरच्या विजेचा तोल सांभाळणाऱ्या केंद्रात, नवीन आलेली मुलं फ्रिक्वेन्सीचा आकडा लवकर वाचायला शिकतात. ती जिथे राखायची तो ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा पट्टा पाठ होतो, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक अंगवळणी पडतात. कोण कुणाला हुकूम देऊ शकतो आणि कोणाला नुसती मनधरणी करावी लागते, हे मात्र कुणी बसवून शिकवत नाही.

त्यासाठी २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम २९ वाचा. अंधेरीच्या डब्ल्यूआरएलडीसीचा, म्हणजे पश्चिम विभागाच्या लोड डिस्पॅच केंद्राचा, निर्देश विभागातल्या प्रत्येक वीज केंद्राला, वितरण कंपनीला पाळावाच लागतो. राज्याच्या पारेषण वाहिन्यांबाबतचा निर्देश मात्र राज्याच्या लोड डिस्पॅच केंद्रामार्फतच जातो, आपल्या महाराष्ट्रात कळव्याच्या केंद्रामार्फत. पटला नाही तर केंद्रीय नियामक आयोगाकडे दाद मागा, पण निकाल लागेपर्यंत पाळायचा. दंड १५ लाखांपर्यंत. या धंद्यातल्या उलाढालीपुढे किरकोळच. खरा चिमटा बसतो तो आठवड्याच्या डीएसएम हिशोबाचा, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी-जास्त वीज घेतली-दिली त्याच्या पैशांचा.

तो हिशोब करते प्रादेशिक वीज समिती, डब्ल्यूआरपीसी. तिथे हुकूम नाही, सहमती. सदस्य महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा, शिवाय दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव; अध्यक्षपद आळीपाळीने फिरतं. दर महिन्याच्या ओसीसी (कामकाज समन्वय समितीच्या) बैठकीत कुठली लाइन कधी बंद ठेवायची ते ठरतं, आणि खरी घासाघीस तिथेच. रब्बीत शेतीपंप सुरू, म्हणून मध्य प्रदेशला तेव्हा आउटेज, म्हणजे लाइन बंद, नको. आपला उन्हाळा कडक, आपल्याला एप्रिलमध्ये नको. संधी मिळाली तर मागे बसून ऐका. नाहीतर निदान मिनिट्स वाचा: कुणाचा विषय महिनोन्‌महिने पुढे ढकलला जातोय एवढं पाहिलं तरी पुष्कळ समजतं.

कागदावरचा अधिकार किती पुरतो, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रिड कोसळली तेव्हा दिसलं. उत्तरेची राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, पश्चिमेत वीज शिल्लक होती, आणि मधल्या बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनवर ताण आला. प्रादेशिक केंद्रांनी सूचना दिल्या होत्या. राज्यांचा प्रतिसाद तोकडा पडला, असं चौकशी समितीनेच नोंदवलं. माझ्या मते या नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी तो अहवाल वाचलेला असावा. प्रादेशिक केंद्रं चालवणाऱ्या ग्रिड-इंडिया या सरकारी कंपनीची वाट गेट या अभियांत्रिकी परीक्षेच्या गुणांवरून जाते, पण पुढचे प्रश्न पुस्तकाबाहेरचे असतात.

रात्रपाळीत लाइन बंद-चालू करताना फोनवर कोडची देवाणघेवाण होते. वेळ, बोलणाऱ्याचं नाव, कोड लगेच लॉगमध्ये टिपा, शिफ्ट संपताना आठवून नव्हे. ट्रिपिंगच्या (लाइन आपोआप बंद पडण्याच्या) चौकशीत पहिल्यांदा तेच मागतात.