स्लो कुकरमधलं मटण पाणचट का होतं? या चुका टाळा

ज्यांचा हात प्रेशर कुकरवर बसलाय, त्यांचा स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, सगळ्यात आधी पाण्याचा अंदाज चुकतो. झाकणाखाली जमलेली वाफ थेंब होऊन परत रश्श्यातच पडते, त्यामुळे आटत जवळजवळ काहीच नाही. शिवाय मटण आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात. किलोभर मटणाला एक वाटी गरम पाणी भरपूर झालं. रस्सा जास्त हवा असेल तर शेवटी आधणाचं पाणी घालून वाढवा. पातळ झालाच, तर मटण बाजूला काढून रस्सा कढईत मोठ्या आचेवर आटवा. कॉर्नफ्लोअर लावू नका. त्याने रस्सा दाट होतो, पण चव वाढत नाही.

रस्सा कच्चट लागतो, वर तर्री येत नाही, याचं कारण न परतलेला मसाला. भांड्यातलं तापमान उकळीच्या वर जात नाही, आणि कांदा-खोबरं खमंग व्हायला, मटणाला रंग चढायला १४० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. ती कढईतच मिळते. त्यामुळे ‘सगळं एकत्र टाका आणि विसरून जा’ हा सल्ला आपल्या रश्श्याला लागू नाही. मटण टिपून कोरडं करा आणि थोडं थोडं परता. एकदम सगळं घातलं की पाणी सुटतं आणि रंग येतच नाही. मग वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता. कढईला चिकटलेली खरपूड त्या वाटीभर पाण्यातच सोडवून कुकरमध्ये ओता. खरी चव त्या खरपुडीत असते. या वीस मिनिटांना पर्याय नाही.

खाटकाकडे मांडी, फरा, गर्दन आणि नळ्या मागा. त्यांतलं कोलॅजन, म्हणजे मांस जोडून ठेवणारं चिवट प्रथिन, मंद आचेवर हळूहळू विरघळतं आणि रश्श्याला अंगचाच दाटपणा येतो. पायासाठी तर या भांड्याला तोड नाही. चाप किंवा चिकन ब्रेस्ट मात्र आठ तास ठेवलं की चोथा होतो. चिकन हवं तर हाडासकट तंगडी घ्या, ‘लो’वर, म्हणजे मंद आचेच्या बटणावर, चार-पाच तास पुरतात. मटणाला सात-आठ लागतात. पाच तासांनी चिवट लागलं म्हणून बिघडलं असं समजू नका, अजून वेळ द्या. आणि सारखं झाकण उघडू नका, दर वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात.

बटाटे तळाशी घाला, या भांड्यात ते मटणापेक्षा उशिरा शिजतात. नारळाचं दूध आणि दही शेवटच्या अर्ध्या तासात. चिंच-कोकमही डाळी-कडधान्यं मऊ झाल्यावरच, कारण आंबटात ती शिजत नाहीत.

आता राजमा, आणि इथे हयगय नको. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचा विषारी घटक असतो. तो खळखळ उकळल्यावरच नष्ट होतो. ‘लो’वर राजमा मऊ दिसला तरी विष शिल्लक राहू शकतं, किंबहुना असा अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. दोन-तीन तासांत उलट्या, जुलाब सुरू होतात. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर किमान दहा मिनिटं खळखळून उकळा किंवा प्रेशर कुकरमध्ये शिजवून घ्या, मगच स्लो कुकरमध्ये घाला.

फ्रीझरमधलं गोठलेलं मटण थेट टाकणंही तसंच धोक्याचं. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि गोठलेला गोळा त्या टप्प्यात तासन्‌तास रेंगाळतो. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा.

लोडशेडिंगच्या भागात हा विचार आणखी हवा. तुम्ही ऑफिसात असताना लाइट गेली, किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर परत आल्यावर भांडं गरम दिसलं तरी ते अन्न टाकून द्या. किलोभर मटण टाकायला जिवावर येतं, तरीही. घरी असाल तर लाइट जाताच सगळं पातेल्यात काढून गॅसवर शिजवा. बटणांचे डिजिटल कुकर बऱ्याचदा लाइट परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत. तुमच्याकडे लाइट वारंवार जात असेल तर फिरवायच्या खटक्याचा साधा कुकर घ्या.

उरलेला रस्सा पसरट भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तो गॅसवर उकळी येईपर्यंत तापवा. स्लो कुकरचं ‘वॉर्म’ बटण फक्त आधीच कढत असलेलं अन्न गरम ठेवण्यापुरतं आहे.