अर्धशिशी उठतेय असं वाटलं की कुठे आणि कसं दाबायचं

माझी अर्धशिशी बहुतेक वेळा उजव्या बाजूला उठते, पण डोकं ठणकायला लागायच्या तास-दीड तास आधीच मला सारख्या जांभया येतात, मान आखडते आणि शेजारच्या घरातली फोडणीसुद्धा नकोशी होते. ही सूचना आहे हे कळायलाच मला खूप वर्षं लागली. तोपर्यंत काय व्हायचं, डोकं पूर्ण चढलं की मी कपाळ दाबत बसायचे आणि मग म्हणायचे की अ‍ॅक्युप्रेशरचा काही उपयोग नाही. तर माझं पहिलं सांगणं हेच की दाबायचं ते सुरुवातीला, जांभया आणि मान आखडणं चालू असतं तेव्हाच, कारण एकदा उलट्या सुरू झाल्या की अंगाला कुणी हात लावलेला पण सहन होत नाही.

दुसरं, यानं मायग्रेन मुळापासून जात नाही. एक अ‍ॅटॅक 4 ते 72 तास चालू शकतो आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी असेल तर ती वेळेवर घ्यायचीच, दाबून बघू आणि मग घेऊ असं करू नका, उशिरा घेतलेल्या गोळीचा तितका उपयोग होत नाही. मला दाबण्यानं ठणका थोडा उतरतो, मानेचा ताण सुटतो आणि मळमळ कमी होते, आणि त्या वेळेला तेवढंही खूप वाटतं.

आता मनगटापासून सुरू करू, कारण हा पॉइंट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय. एका हाताचा तळवा वर करा, दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं जुळवून मनगटाच्या घडीवर आडवी ठेवा, घडीपासून कोपराच्या दिशेला. तिसरं बोट जिथे संपतं तिथे मधोमध अंगठा टेकवा. मूठ हलकी वळली की दोन शिरा दोरीसारख्या वर येतात (शिरा म्हणजे स्नायूंचे दोर, रक्तवाहिन्या नाहीत), त्या दोन दोरांच्या मधल्या खाचेत अंगठा बसला पाहिजे. अ‍ॅक्युप्रेशरच्या चार्टवर याला पी 6 लिहिलेलं असतं. मळमळीसाठी हा पॉइंट जगभर वापरतात, बोटीच्या प्रवासात मळमळू नये म्हणून मनगटाला बांधायचे जे पट्टे मिळतात त्यातलं बटण इथेच बसतं. लोकलमध्ये उभं राहूनसुद्धा हे करता येतं, कुणाला कळतही नाही. दोन मिनिटं एका हाताला, मग दुसऱ्या.

अंगठा आणि पहिल्या बोटामधला पॉइंट बऱ्याच जणांना माहिती असतो, पण चुकीचं दाबतात, मधली नुसती कातडी चिमटीत धरून ओढत बसतात. अंगठा पहिल्या बोटाला चिकटवा, मागच्या बाजूला मांसाचा उंचवटा येईल, त्याचं टोक लक्षात ठेवा आणि हात सैल सोडा. मग त्या जागी दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवून पहिल्या बोटाच्या हाडाकडे दाब द्या. बरोबर जागा सापडली की एक जड, ठसठसल्यासारखी कळ येते. दिवस गेलेले असतील तर हा पॉइंट दाबू नका, गरोदरपणात तो टाळायलाच सांगतात.

मानेचं मात्र स्वतःचं स्वतः नीट होत नाही, हात वर धरून खांदेच दुखायला लागतात. माझ्या मुलीला मी हे शिकवलंय. मी टेबलावर दोन्ही हात ठेवून त्यावर कपाळ टेकवते, ती मागे उभी राहते आणि कानामागच्या हाडापासून बोटं मानेच्या मधल्या बाजूला सरकवत आणते. कवटी जिथे संपते तिथे, केसांच्या रेषेजवळ, मानेच्या दोन जाड स्नायूंच्या बाहेरच्या बाजूला दोन खोलगट जागा लागतात. तिथे दोन्ही अंगठे ठेवून वरच्या दिशेने, म्हणजे साधारण डोळ्यांकडे, हळूहळू दाब वाढवायचा. पहिल्यांदा तिनं एकदम जोर लावला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आता ती मी श्वास सोडला की दाबते आणि घेताना सैल करते. मानेच्या पुढच्या बाजूला किंवा जिथे नाडी उडते तिथे कधीच दाबायचं नाही.

भुवया जिथे नाकाकडे सुरू होतात तिथे एक बारीक खाच असते, डोळे मिटून तिथे दोन्ही पहिल्या बोटांनी हलकंच, मिनिटभर. कानशिलावर तर नुसतं गोल फिरवा, जोर नको. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या फटीतून घोट्याकडे बोट सरकवत गेलात तर दोन हाडं जिथे जवळ येतात तिथे खड्डा लागतो, डोक्याला हात लावू देववत नसेल तेव्हा मी तोच दाबायला सांगते.

किती जोर? दुखलं तरी बरं वाटेल इतकाच. वळ उठला, झिणझिण्या आल्या किंवा ठणका वाढला तर थांबा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खोलीत अंधार करा, उदबत्ती विझवा, बाम सोसत असेल तरच लावा.

उपाशी राहिल्यानं माझं डोकं हमखास उठतं, हरतालिकेचा निर्जळी उपवास मी त्यापायी सोडला, सासूबाईंनीच सांगितलं सोड म्हणून. तुमचं डोकं कशानं उठतं ते कॅलेंडरवर लिहीत जा, तारखेच्या चौकटीत, आणि गोळी घेतली तर तिथेच फुली मारा. महिन्यात साध्या पेनकिलरच्या 15 दिवस फुल्या दिसायला लागल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं, ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि हे मात्र घरी दाबत बसायचं नाही: क्षणात उठलेली आयुष्यातली सगळ्यात भयानक डोकेदुखी, तापाबरोबर कडक झालेली मान, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी. तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं दुखायला लागलं किंवा गरोदरपणात नव्यानं सुरू झालं तरी आधी डॉक्टरांना दाखवायचं, अर्धशिशीच असेल असं घरी ठरवायचं नाही.