पाटी छापायला देण्यापूर्वी: ग्राफिक डिझाइनची प्राथमिक परिभाषा

गुहागरला माझ्या मावसभावाने पर्यटकांसाठी घरगुती राहण्याची आणि जेवणाची सोय सुरू केली, तेव्हा रस्त्यावर लावलेल्या सहा बाय चार फुटांच्या पहिल्या फ्लेक्सवर गणपती, सूर्यास्त, सुरमईचे ताट, उकडीचे मोदक, चार मोबाइल क्रमांक आणि ‘आपले स्वागत आहे’ असे सगळे काही होते. केवळ घराची जागा कोणाच्या लक्षात येत नव्हती. दुसरी पाटी करताना आम्हांला डिझाइनचे काही शब्द आणि त्यांमागचे कारण समजून घ्यावे लागले. तेच येथे त्या पाटीच्या आधाराने मांडत आहे.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द वाचनक्रम, ज्याला डिझाइनर हायरार्की म्हणतात. डोळ्याने आधी काय पाहावे, नंतर काय आणि शेवटी काय, हे ठरवणे म्हणजे डिझाइन करणे. रंग, फॉन्ट आणि चित्रे ही त्यानंतरची साधने आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी १०० फूट अंतर दोन सेकंदांच्या आत कापते. अक्षर सहज वाचता यावे यासाठी दर १० फुटांमागे साधारण एक इंच उंची धरावी, असा पाट्या करणाऱ्यांचा ठोकताळा आहे; म्हणजे १०० फुटांवरून वाचायची ओळ १० इंच उंचीची हवी. आमच्या ४८ इंच उंचीच्या फ्लेक्सवर अशा दोन ओळी, मात्रा-उकारांची जागा आणि खाली थोडा लहान बाण व अंतर एवढेच मावत होते. ‘राहण्याची सोय’, घराचे नाव आणि ‘डावीकडे २०० मीटर’ एवढे ठेवून बाकी सर्व मजकूर आम्ही पत्रकाकडे वळवला. मोदक गेल्याचे काकूंना वाईट वाटले, पण मोदक पत्रकावर अधिक शोभतात.

मजकुराभोवती मुद्दाम सोडलेल्या रिकाम्या भागाला मोकळी जागा किंवा व्हाइट स्पेस म्हणतात. ती वाया गेलेली जागा नव्हे; चिरेबंदी घरापुढचे अंगण जसे घर उठून दाखवते, तसे तिचे काम असते. कडेची मोकळी पट्टी म्हणजे समास, आणि सर्व ओळी एका अदृश्य रेषेला टेकवणे म्हणजे अलाइनमेंट. नवशिक्यांनी सर्व मजकूर डावीकडे टेकवून पाहावा. प्रत्येक ओळ मधोमध ठेवण्याची सवय बहुधा लग्नपत्रिकांमधून आलेली आहे.

अक्षरांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इंग्रजीसाठी लिहिलेले नियम देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या आणि रफार असतात, तर खाली उकार. त्यामुळे दोन ओळींमधले अंतर, म्हणजे लीडिंग, इंग्रजीपेक्षा अधिक द्यावे लागते, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधले अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवले तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नसल्यामुळे महत्त्व दाखवायचे ते आकाराने किंवा वजनाने, अर्थात अक्षराच्या जाडीने. तिरकी देवनागरी मला तरी पाटीवर कधीच चांगली वाटलेली नाही.

फॉन्ट निवडताना एक शब्द जरूर टाइप करून पाहावा: ‘किनाऱ्यावर’. आमच्या पहिल्या फ्लेक्सवर तो ‘किना-यावर’ असा छापून आला होता, कारण वापरलेल्या जुन्या फॉन्टमध्ये अर्ध्या ऱ्याची सोय नव्हती आणि टंकलेखकाने तेथे आडवी रेघ ठोकून दिली. समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्याने ही चूक सोसू नये. युनिकोड फॉन्ट, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा फॉन्ट, घ्यावा; मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत मिळतात, आणि त्यांतले बलू जाड असल्याने पाटीला उपयोगी पडते. विंडोजसाठी र. कृ. जोशी यांनी रचलेला मंगल हा पडद्यावर वाचण्यासाठी आहे. त्याला फ्लेक्सवर ताणू नये.

रंगांमध्ये खरा प्रश्न कॉन्ट्रास्टचा, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेड-अंधारातल्या फरकाचा असतो. लाल अक्षरे हिरव्यावर आकर्षक वाटतात, पण मोबाइलवर फोटो कृष्णधवल करून पाहिला की दोन्ही सारखेच करडे दिसू शकतात. शिवाय माड-आंब्यांच्या गर्दीत हिरवी पाटी हरवते. आम्ही पिवळ्यावर काळी अक्षरे घेतली. उन्हात छापील लाल रंग लवकर फिका पडतो, म्हणून महत्त्वाचा मजकूर लालमध्ये ठेवला नाही.

पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून, म्हणजे आरजीबीमध्ये रंग घडवतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून, म्हणजे सीएमवायकेमध्ये. त्यामुळे मोबाइलवर झळाळणारा निळा-हिरवा समुद्र कागदावर मंद होतो. यात छापणाऱ्याचा दोष नसतो.

फोटो पिक्सेलच्या ठिपक्यांचा असतो, त्याला रास्टर म्हणतात. तो वाढवला की फुटतो. बोधचिन्ह मात्र व्हेक्टरमध्ये, म्हणजे रेषांच्या गणिती वर्णनातून करून घ्यावे, म्हणजे तेच व्हिजिटिंग कार्डावर आणि फ्लेक्सवर सारखेच रेखीव येते. हातात धरून वाचायच्या पत्रकासाठी इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३०० डीपीआय, हे प्रमाण आहे. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असल्याने पूर्ण पानभर फोटोला सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेले चित्र आकाराने घटलेले असते, त्यामुळे मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. फ्लेक्स दुरून पाहिला जातो, म्हणून तेथे १०० डीपीआयही पुरते.

छापायला देताना पार्श्वभूमीचा रंग कागदाच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर वाढवावा; याला ब्लीड म्हणतात, आणि तो नसेल तर कटिंग किंचित सरकल्यावर पांढरी रेघ उमटते. मजकूर कडेपासून किमान पाच मिलिमीटर आत ठेवावा. फाइल ‘कर्व्ह करून’ पाठवा असे छापखाना सांगतो, म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर करायचे, जेणेकरून त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी मजकूर बदलणार नाही. मात्र त्यानंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवावी. मग प्रूफ छापून घ्यावे, ते भिंतीला चिकटवून खळ्याच्या दुसऱ्या टोकाला जावे, आणि घरातल्या ज्याने ते पाहिलेले नाही अशा कोणाला तरी दोनच सेकंद दाखवून काय वाचले ते विचारावे.