मोठ्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर अँजिओप्लास्टी कधी करावी?

छातीत दाटून येणे, हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम सुटणे ही लक्षणे दिसताच ती किती वाजता सुरू झाली हे कागदावर लिहून ठेवावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ॲसिडिटी समजून सोडा पिण्यात गेलेला अर्धा तास कोणतीही कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करून (बारीक नळीतून फुगा नेऊन) हृदयाची बंद धमनी उघडण्याचा कक्ष, भरून देऊ शकत नाही.

पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून 10 मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. त्या आलेखातील ‘एसटी’ नावाचा भाग वर उचललेला असेल, तर धमनी गुठळीने पूर्ण बंद झाल्याचे मानून पुढे जावे. हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणाऱ्या ट्रोपोनिन या रक्ततपासणीच्या अहवालासाठी थांबू नये.

खरा प्रश्न आहे तो अंतराचा. रुग्णालयात कॅथलॅब असेल, तर पहिल्या संपर्कापासून 90 मिनिटांत आणि रुग्णाला दुसरीकडे हलवावे लागणार असेल, तर 120 मिनिटांत धमनी उघडली जाणे अपेक्षित असते. हा हिशेब करताना केवळ रस्त्याचा वेळ धरू नये. रुग्णवाहिका येणे, प्रवेशाचे सोपस्कार आणि रात्री घरून निघणारा कॅथलॅबचा चमू, हे सारे त्यात येते. गडचिरोलीहून नागपूर गाठायचे म्हटले, तर ते या मर्यादेत बसत नाही. अशा वेळी, लक्षणांना 12 तास झालेले नसतील आणि मेंदूतील रक्तस्राव, अलीकडचा पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया असा धोका नसेल, तर टेनेक्टेप्लेजसारखे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात, पोचल्यापासून 30 मिनिटांच्या आत घ्यावे. ‘मोठ्या दवाखान्यातच काय ते करू’ हा नातेवाइकांचा आग्रह इथे घातक ठरतो.

इंजेक्शन दिल्यावर मात्र रुग्णाला लगेच कॅथलॅब असलेल्या ठिकाणी हलवावे आणि इंजेक्शनची वेळ व तोवर काढलेले ईसीजी सोबत द्यावेत. साधारण 60 ते 90 मिनिटांनी काढलेल्या दुसऱ्या ईसीजीत एसटीची उंची निम्म्याने उतरली नसेल, तर अँजिओप्लास्टी तातडीने करावी लागते. ती उतरून दुखणे थांबले असेल, तर 2 ते 24 तासांच्या दरम्यान अँजिओग्राफी (धमन्यांचे क्ष-किरण चित्रण) करतात. दुखणे थांबले म्हणून ती पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

उशिरा पोचलेल्यांचे गणित वेगळे आहे. पहिल्या 48 तासांपर्यंत धमनी उघडण्याचा विचार होतो, पण त्यानंतर रुग्ण स्थिर असेल, छातीत दुखत नसेल आणि धमनी पूर्ण बंद असेल, तर केवळ ती बंद आहे म्हणून स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) घालण्याने लाभ होत नाही. झटक्यानंतर 3 ते 28 दिवसांनी धमनी उघडलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू, पुन्हा येणारा झटका वा हृदय निकामी होणे कमी झाले नाही, हे 2,000 हून अधिक रुग्णांच्या ‘ओएटी’ चाचणीने 2006 मध्येच दाखवले होते. अशा वेळी स्टेंटचा सल्ला मिळाल्यास त्याचे कारण स्पष्टपणे विचारावे. झटक्यामुळे रक्तदाब कोसळून रुग्ण शॉकमध्ये गेला असेल, तर मात्र किती तास उलटले हे न पाहता धमनी उघडावी लागते.