मुंगसाला न मारता जलरंग: ब्रश निवडावा कसा, जपावा कसा

दुकानात ब्रश हातात घेतलात की आधी तो उजेडात धरा. केस मुळाशी करडे, मधे सायीसारखे पिवळट आणि टोकाला गडद तपकिरी असे पट्ट्यापट्ट्यांचे दिसले, तर तो मुंगसाचा असण्याची दाट शक्यता आहे. घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, त्याच्या केसांचे ब्रश बनवणं-विकणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने देशभर धाडी पडल्या त्या याचसाठी. विद्यार्थिदशेत असा ब्रश मीही कौतुकाने वापरला. अशा ब्रशांसाठी मुंगसं मारली जातात हे मला फार उशिरा कळलं, आणि ते अजून मनातून जात नाही.

मग नाव वाचा. ‘कॅमल हेअर’ लिहिलेल्या ब्रशात उंटाचा केस नसतो. खार, शेळी किंवा तट्टूचा असतो. मात्र ‘कॅमल’ हे कॅमलिनच्या मालाचंही नाव आहे, आणि त्यांचे ‘सिंथेटिक गोल्ड’ ब्रश कृत्रिम धाग्याचेच असतात. नुसतं ‘सेबल’ किंवा ‘कोलिन्स्की’ म्हणजे प्राण्याच्या शेपटीचे केस. ‘सिंथेटिक सेबल’ चालेल, ‘ब्लेंड’ म्हटलं की विचारा. ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ हा लोकप्रिय ब्रश खारीचे केस आणि कृत्रिम धागा यांचा मिश्र आहे. पूर्ण कृत्रिम हवे असतील तर विन्सर अँड न्यूटनचे कॉटमन किंवा प्रिन्स्टनचे नेपच्यून पाहा. नेपच्यून मऊ आहे, पाणी भरपूर धरतो, मोठ्या वॉशला, म्हणजे कागदभर पातळ रंगाचा थर द्यायला, उत्तम.

आता पारख. मुंबईतला अब्दुल रेहमान स्ट्रीट असो की दादर, दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागा, लाजू नका. नव्या ब्रशाला आकार राहावा म्हणून डिंक लावलेला असतो, त्यामुळे कोरडा ब्रश टोकदार दिसतोच. डिंक धुऊन काढा, मनगटाला एक झटका द्या. गोल ब्रशाचं टोक आपोआप जुळलं पाहिजे. बोटाने वाकवून सोडा, तो सरळ झाला पाहिजे. केस धरून ठेवणारी पत्र्याची नळी दांडीवर हलत असेल तर परत ठेवा.

साधा नायलॉनचा धागा गुळगुळीत असतो, त्यामुळे सेबलपेक्षा पाणी कमी धरतो आणि रंग एकदम सोडतो. यावर सोपा उपाय म्हणजे एक नंबर मोठा घ्या. सुरुवातीला गोल ६ आणि १२, शिवाय एक इंचाचा चपटा ब्रश पुरतो.

जपायचं कसं? काम करताना ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा सोडू नका. कृत्रिम धाग्याचं टोक लवकर वाकतं, आणि पाणी नळीत चढून लाकूड फुगतं, रंग सोलपटतो, नळी सैल होते. काम संपलं की कोमट पाण्यात धुवा, तळहातावर साबण घेऊन हलकेच गोल फिरवा, फेस पांढरा येईपर्यंत. मी खोबरेल तेलाचा साबण वापरते. ब्रशात प्राणी नको, तर साबणातही चरबी नको. बोटांनी टोक जुळवा, ओठांनी नको, कारण कॅडमियमसारखे काही रंग विषारी असतात. आडवा ठेवून वाळवा. मुंबईच्या पावसाळ्यात ओला ब्रश झाकणाच्या डब्यात कोंडला की दांडीला बुरशी धरते. वाळायला पूर्ण दिवस द्या, पंख्याखाली ठेवा. अ‍ॅक्रिलिकसाठी वेगळे ब्रश ठेवा, तो रंग मुळाशी वाळला की निघत नाही.

टोक वाकलंच, तर चहाइतक्या गरम पाण्यात फक्त केसांचं टोक काही सेकंद बुडवा, बोटांनी सरळ करा आणि तसंच वाळू द्या. नळी बुडवू नका, आतला गोंद सुटतो. दोन-तीनदा करूनही टोक जुळेना, तर तो ब्रश रंग कालवायला आणि मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग रंगापासून झाकून ठेवणारा द्रव) लावायला ठेवा. फ्लुइडमध्ये बुडवण्याआधी केसांना साबण चोळला, की ते सहज धुतलं जातं.